कुलूप एकदाच: ओसीडीत शंकेला उत्तर न देण्याचा सराव

कुलूप लावलं, किल्ली फिरवली, ओढून पाहिलं. चार पायऱ्या उतरल्या आणि मनात आलं, नीट बसलं होतं ना? परत वर जाऊन ओढलं. बसलं होतं. पण ओढताना लक्ष भलतीकडेच होतं की काय? म्हणून आणखी एकदा. दहाव्या खेपेला कुलूप हातात असतं, डोळ्यांसमोर असतं, तरी ‘लागलं बुवा’ असं काही मनाला वाटत नाही.

हा विसराळूपणा नाही की वेंधळेपणा नाही. हा ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, मराठीत मंत्रचळ. २००३ साली मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. वीस वेळा तपासल्यावरही शेवटच्या वेळी काय पाहिलं ते त्यांना बरोबर सांगता येत होतं. मात्र ती आठवण पुसट झाली होती, तिचे बारकावे गेले होते आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास डळमळला होता. ओसीडी नसलेल्यांची ही गत. म्हणजे परत परत पाहून शंका फिटत तर नाहीच, उलट तिला खतपाणी मिळतं.

‘संशयाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. या आजारात औषध आहे: शंका तशीच लटकत ठेवून पुढच्या कामाला लागणं. हे सरावाने जमतं. तो सराव कसा करायचा, कुठे फसतो आणि घरच्यांनी काय करायचं, ते पुढे लिहिलं आहे.

आधी हे ओसीडीच आहे का

‘मंत्रचळ’ म्हटलं की सतत हात धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण मोजणं, वस्तू ‘बरोबर वाटेपर्यंत’ सरळ करत बसणं, एकच वाक्य चार-चार वेळा वाचणं, मनातल्या मनात माफी मागणं, कालचं बोलणं पुन्हा आठवून ‘मी कुणाला दुखावलं तर नाही ना’ हे चाचपणं, हेही त्यातच येतं. सगळ्यांचा साचा एक. नको असलेला विचार घुसतो, जीव खाली-वर होतो, काहीतरी करून बघावंच लागतं (या कृतीला ‘सक्ती’ म्हणतात), क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या क्षणभराच्या सुटकेवरच आजार पोसला जातो, कारण मेंदू त्यातून शिकतो की संकट टळलं ते आपण केलेल्या कृतीमुळे.

या सगळ्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा काम, अभ्यास, घरातली नाती विस्कटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे ‘येल-ब्राउन’ नावाची मोजपट्टी मागून घ्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजपट्टीत दहा प्रश्न आणि चाळीस गुण असतात. १६ ते २३ गुण म्हणजे मध्यम आजार, २४ पासून पुढे तीव्र. सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तो पुन्हा काढला की उपचार लागू पडतोय का ते कळतं. सुमारे ३५ टक्क्यांनी उतरला तर चांगला प्रतिसाद मानतात. स्वतःच्या मनाला विचारून हे कळत नाही, कारण ओसीडी असलेलं मन ‘पूर्वीसारखंच आहे’ हेच सांगतं.

खालचा सराव सौम्य ते मध्यम आजारात माणूस स्वतः करू शकतो. तीव्र आजार, सोबत खोल नैराश्य, जीव द्यावासा वाटणं, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, यापैकी काही असेल तर एकट्याने सुरू करू नका.

पहिला आठवडा: फक्त टिपायचं

काहीही बदलू नका. खिशात मावेल अशी वही घ्या आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीत लिहा: वेळ, कशाने सुरू झालं, भीती काय होती, काय केलं, किती मिनिटं गेली आणि अस्वस्थता शंभरपैकी किती. उदाहरणार्थ: ‘सकाळी ९.१०, दार. चोर येतील आणि दोष माझा असेल. आठ वेळा ओढलं. १४ मिनिटं. ७०.’

पेनाने लिहा. खोडायचं नाही, नीटनेटकं उतरवून काढायचं नाही. वही सुबक ठेवणं हीच नवी सक्ती होऊन बसते, आणि हे अनेकांचं होतं. दिवसभरातलं सगळं टिपायलाही जाऊ नका, रोज पाच-सहा नोंदी पुरे. मात्र जे टाळलं ते जरूर लिहा: सगळ्यांत शेवटी घराबाहेर पडायचं टाळलं, ते एक दार उघडलं नाही, बातमी वाचली नाही. टाळाटाळ दिसत नाही म्हणून हिशेबात धरली जात नाही, पण आजाराचा निम्मा पसारा तिथेच असतो.

पायऱ्या

या उपचाराचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. भीती वाटते तिथे जाणूनबुजून जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली इंग्लंडमधून दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी ओसीडी जवळपास असाध्यच समजत. आज बोलण्याच्या उपचारांत सगळ्यात भक्कम पुरावा याच पद्धतीमागे आहे.

वहीतल्या नोंदींतून एकच विषय निवडा आणि अस्वस्थतेच्या आकड्यांनुसार पायऱ्या लावा. कुलपाच्या शंकेच्या अशा लागतील:

२५ – कपाटाचं कुलूप लावून एकदाच ओढणं आणि खोलीतून निघून जाणं.
४० – घरात कुणी असताना बाहेरचं दार लावणं, एकदा ओढून निघणं.
५० – घरात कुणी नसताना तेच करून दहा मिनिटं फिरून येणं.
६० – तेच, पण तासभर बाहेर.
७५ – कुलूप लावून न ओढताच निघणं, तासभर बाहेर.
९० – कुणाशी तरी बोलता बोलता कुलूप लावणं, न ओढता दिवसभर बाहेर राहणं.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे घर सताड उघडं टाकणं नव्हे. बाकीचे लोक जे रोज बिनघोर करतात तिथवर, किंवा त्याच्या किंचित पुढे गेलं की झालं.

सुरुवात ३० ते ४० च्या पायरीवरून करा. अगदी सोप्या पायरीवर मन काही शिकत नाही आणि थेट ९० ला हात घातला तर बहुतेक जण मधूनच परत फिरतात.

आता एक सराव जवळून पाहू. निघण्यापूर्वी वहीत लिहा, काय होईल असं वाटतंय. ‘चोरी होईल’ एवढंच लिहू नका. ‘मला हे तासभर सहन होणार नाही, कामात काहीच सुचणार नाही’ हेही लिहा. दुसरं भाकीत तासाभरात तपासता येतं म्हणून ते जास्त कामाचं. कुलूप लावा, एकदा ओढा, किल्ली खिशात टाका, निघा. ‘लागलं नसेल तर?’ येईलच. त्यावर एकच वाक्य: ‘लागलं असेल, नसेलही.’ ते मनाला शांत करायला म्हणायचं नाही. शंका आहे हे कबूल करायला एकदाच म्हणायचं आणि चालू लागायचं. दर पाच मिनिटांनी आकडा टिपा. छातीत धडधड, पायांना मागे ओढल्यासारखं, पोटात खड्डा, हे सगळं होऊ द्या. बऱ्याचदा अर्ध्या ते एका तासात आकडा उतरतो. कधी उतरत नाही. तरीही सराव वाया गेला असं नाही, कारण अस्वस्थता असतानाही तासभर माणूस चालतो, बोलतो, काम करतो हे कळलेलं असतं. परतल्यावर भाकितासमोर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

हीच पायरी रोज करा, आठवड्यातून पाच-सहा दिवस तरी. सलग तीन-चार दिवस कृती न करता जमली की पुढची घ्या. आकडा शून्यावर यायची वाट पाहत बसू नका. वेळ, जागा, मनःस्थिती बदलून बघा. फक्त बरं वाटतं त्या दिवशी केलेला सराव वाईट दिवशी उपयोगी पडत नाही.

कुठे फसतं

बाहेरून कृती थांबते आणि आतून चालू राहते, हे सगळ्यात जास्त घडतं. माणूस परत फिरत नाही, पण रस्ताभर किल्ली कशी फिरवली याचं चित्र मनात लावून बघत राहतो. तीही तपासणीच. दुसरी पळवाट मोबाइलची: कुलपाचा फोटो काढून ठेवायचा. फोटो आला की शंका कुलपावरून फोटोवर जाते, आजचाच आहे ना, नंतर दार हललं तर नसेल? तिसरी, ‘संध्याकाळी एकदाच नीट बघेन’ असा मनाशी केलेला सौदा. उधारीवर ठेवलेली सक्ती शिकण्याचं काम होऊ देत नाही. कानात गाणी लावून तासभर काढणंही तसंच; ते सहन करणं नव्हे, लपणं झालं.

आणि एक बारीक सापळा: ‘मी ईआरपी बरोबर करतोय ना?’ हा प्रश्नच ओसीडीचा असतो. त्यालाही तेच उत्तर, ‘असेन, नसेनही.’

सक्ती झालीच तर दिवस बुडाला असं समजू नका. लगेच ती बिघडवून टाका. परत जाऊन ओढलंत? मग मुद्दाम मनात आणा, ‘ओढताना कदाचित सैल झालं असेल,’ आणि तसेच निघा. कृती पूर्ण थांबवणं अजिबात जमत नसेल तर पाच मिनिटं पुढे ढकला, मग दहा, मग वीस. किंवा आठची सहा करा, क्रम उलटा करा, दुसऱ्या हाताने करा. हे मधले टप्पे आहेत, तिथेच मुक्काम करू नका.

हात धुण्याबद्दल वेगळं थोडं

हात कधी धुवायचे हे आधीच ठरवून भिंतीवर लावा: जेवणापूर्वी आणि स्वयंपाकापूर्वी, शौचालयानंतर, डोळ्यांना दिसणारी घाण लागल्यावर, आजारी माणसाची शुश्रूषा केल्यावर. एकदा साबण, वीस सेकंद, एकदा पाणी, पुसायचं, बाहेर. ‘स्वच्छ वाटेपर्यंत’ धुवायचं नाही, कारण तसं वाटणं आणि हात स्वच्छ असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नळ कोपराने बंद करू नका, टॉवेलची ‘चांगली’ बाजू शोधू नका.

सराव करताना दाराची मूठ पूर्ण तळव्याने धरा, मग तो हात कपड्यांवर, उशीवर, फोनवर फिरवा. घरात एकही ‘शुद्ध’ कोपरा राखून ठेवला की आजार त्या कोपऱ्यात तग धरतो, म्हणून हा पसरवण्याचा भाग गाळू नका. कातडी फाटून रक्त येत असेल तर आधी त्वचेवर उपचार घ्या. जंतुनाशकं आणि ब्लीच हातांवर वापरणं आजच बंद करा.

विचारच भयंकर असतात तेव्हा

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण या आजाराला तंतोतंत लागू पडते. तान्ह्या बाळाला हातातून टाकण्याचा, जवळच्या माणसाला सुरी मारण्याचा, देवाबद्दल अभद्र बोलण्याचा, लैंगिक अत्याचाराचा विचार विजेसारखा चमकून जातो आणि माणूस हादरतो: मी असा आहे का? १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की असे विचार आजार नसलेल्यांच्याही मनात येतात, आशयही तसाच असतो. त्यांच्या मनातून ते निघून जातात, कारण ते त्यांना अर्थ चिकटवत नाहीत. ओसीडी असलेल्या माणसाला हे विचार छळतात तेच मुळी त्याच्या मूल्यांच्या विरोधात जातात म्हणून. बाळंतपणानंतर हे अचानक सुरू होऊ शकतं, आणि अशा आईला सर्वात आधी हवी असते ती लाज न वाटता डॉक्टरांना सांगण्याची मोकळीक.

विचार दाबू नका. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. मनगटावर रबर ओढून विचार थांबवणं, चांगल्या विचाराने वाईट विचार पुसणं, नामस्मरण ‘रद्द करण्यासाठी’ वापरणं, हे सगळं दाबणंच आहे.

त्याऐवजी विचार कागदावर उतरवा, पाच-सात वाक्यं, वर्तमानकाळात, गुळगुळीत न करता: ‘मी ओट्यापाशी आहे. हातात सुरी आहे. ती शेजारी उभी आहे. माझा हात उठेल असं वाटतंय. उठणार नाही याची खात्री मला कुणीही देऊ शकत नाही.’ शेवटी ‘पण मी असं कधीच करणार नाही’ हे जोडायचं नाही. तिथेच सगळं ओमफस होतं. ते आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि रोज वीस-तीस मिनिटं लक्ष देऊन ऐका, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा हीच खूण. सुऱ्या लपवल्या असतील तर पुन्हा जागेवर ठेवा, बाळाला आंघोळ घालायची टाळत असाल तर घालायला लागा. या प्रकारात मात्र सुरुवात जाणकार थेरपिस्टसोबत करावी असं माझं ठाम मत आहे, कारण स्वतःच लिहिताना माणूस नेमकं टोचणारं वाक्य गाळतो.

घरच्यांसाठी

‘गॅस बंद केला ना?’ याला पहिल्यांदा ‘हो’ म्हणणं ही माहिती. पाचव्यांदा म्हणणं म्हणजे तपासणीत हातभार. त्यामागे माया असते हे खरं, पण आजाराला ती मायाच लागते.

एकदम तोडू नका, आणि भांडणाच्या भरात तर मुळीच नको. शांत वेळी एकत्र बसून ठरवा: एका प्रश्नाला दिवसातून एकच उत्तर, आणि नंतर ठरलेलं वाक्य, ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय. तुला त्रास होतोय ते दिसतंय, पण उत्तर मी देणार नाही.’ मग तिथेच थांबा, हवं तर जवळ बसा, दुसरं काही बोला. पहिल्या आठवड्यात प्रश्न वाढतील, आवाज चढेल. त्याच वेळी कंटाळून एकदा उत्तर दिलं तर ‘खूप मागितलं की मिळतं’ हाच धडा मिळतो, म्हणून जे पेलवेल तेवढंच ठरवा. घरातल्या सगळ्यांचं वाक्य एक असू द्या. आई नाही म्हणते आणि बाबा हळूच हो म्हणतात, असं झालं की मेहनत पाण्यात.

जबरदस्तीने हात धरून थांबवणं, टोमणे, ‘एवढं साधं कळत नाही का’, हे सगळं बंद. कळतं त्यांना. कळूनही थांबवता येत नाही, म्हणून तर हा आजार आहे.

गोळ्या

पहिल्या फळीत फ्लुऑक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन अशी औषधं येतात. ओसीडीत त्यांचा डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि परिणाम उशिरा दिसतो: आठ ते बारा आठवडे. दोन आठवड्यांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं, झोप उडणं, बेचैनी होते, ती बहुधा ओसरते. लैंगिक तक्रारी टिकू शकतात. संकोच न करता सांगा, डॉक्टरांकडे त्यावर उपाय असतात. तरुण रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढतात का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. या औषधांनी जमलं नाही तर क्लोमिप्रामिन हे जुनं, प्रभावी औषध आहे. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि ईसीजी बघावा लागतो.

गोळ्यांनी लक्षणं बहुधा पूर्ण जात नाहीत, कमी होतात, आणि तेवढ्याने ईआरपीला उभं राहायला जागा मिळते. बरं वाटल्यावर निदान वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. मनाने एकदम बंद केल्यास चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, आणि आजार परतणं. झोपेच्या किंवा चिंतेच्या ‘लगेच शांत करणाऱ्या’ गोळ्या सरावाच्या आधी घेऊ नका; शांतता गोळीची होते आणि मन शिकायचं राहून जातं.

शेजारचे आजार

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात, ओसीडीला स्वतंत्र प्रकरण मिळालं आणि त्यात आणखी काही आजार आले. त्यांचे उपाय थोडे वेगळे. केस उपटणं आणि कातडी खरवडणं यात भीतीपेक्षा सवय आणि ताण जास्त असतो, म्हणून ‘हॅबिट रिव्हर्सल’: हात वर जायला लागल्याचं ओळखायचं आणि मिनिटभर मूठ घट्ट आवळून धरायची, किंवा दोन्ही हात मांड्यांखाली. जास्त कुठे होतं ते बघा, आरशासमोर, वाचताना की गाडी चालवताना, आणि त्या जागी बोटांना पट्टी किंवा टोपी असा अडथळा ठेवा. रूपातल्या न दिसणाऱ्या दोषाचा ध्यास असेल तर आरसा एका हाताच्या अंतरावरून आणि ठरल्या वेळेपुरताच. शस्त्रक्रियेने हा ध्यास सहसा जात नाही. वस्तू साठवण्याच्या आजारात घरच्यांनी पाठीमागे सामान फेकून देऊ नये. विश्वास तुटतो आणि काही महिन्यांत खोली पुन्हा भरते.

परत डोकं वर काढलं तर

अपुरी झोप, परीक्षा, घर बदलणं, बाळ होणं, आजारपण, अशा काळात जुनी सक्ती परत येते. बऱ्याचदा वेष बदलून येते, कुलपाची शंका गेली आणि ईमेल चारदा वाचणं सुरू झालं, असं. जीव द्यावासा वाटत असेल, त्याची तयारी मनात चालू असेल, किंवा खाणंपिणं सुटलं असेल तर हे घरी सांभाळू नका. त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची वैद्यकीय मदत गाठा.

एरवी जुनी वही काढा. नव्या शंकेसाठी नव्या पायऱ्या लिहा आणि जुन्या तक्त्यातल्या मधल्या पायरीपासून आठवडाभर रोज सराव करा. ईमेल एकदा वाचून पाठवायचा, पाठवल्यावर ‘सेंट’ची पेटी उघडायची नाही. पहिल्या दिवशी आकडा ५५ वगैरे येईल. तो टिपून ठेवा आणि पुढचा ईमेल लिहायला घ्या.